निखाऱ्याखालचे त्रिकोण

१

वकिलांच्या सुनेने खोकं टेबलावर ठेवलं आणि हात झटकले. सासरे, संग्राहक मंडळाचे जुने सभासद, गेल्यापासून ती कपाटं मोकळी करत सुटली होती. "यातलं काय ठेवण्यासारखं आणि काय बागेत टाकण्यासारखं, ते तुम्हीच बघा," ती म्हणाली, चहा नको म्हणाली आणि गेली.

भिंगीला असल्या खोक्यांची सवय होती. घरातला संग्राहक गेला, की त्याने जन्मभर जिवापाड जपलेले दगड असेच रद्दीत गुंडाळून तिच्याकडे यायचे. तिचं काम म्हणजे प्रत्येक स्फटिक नीट बघायचा आणि ज्याने तो पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहील असं वर्णन लिहायचं. रंग कसा, बाजू किती, टवका कुठे उडालाय, मूळचं टोक शाबूत आहे का, कुठल्या दगडात वाढलाय. पैलू पाडून अंगठीत बसवलेल्या माणकांशी तिला काही कर्तव्य नव्हतं. तिच्याकडची माणकं जमिनीतून निघाली तशीच असायची, ओबडधोबड, अंगाला अभ्रक चिकटलेली. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून अण्णा, म्हणजे तिचे वडील, तिला भिंगरी म्हणायचे. पुढे गळ्यात भिंग आलं आणि धंद्यातल्या लोकांनी भिंगरीची भिंगी करून टाकली.

तिने एकेक पुडकं सोडलं. हिरव्या दगडात रुतलेलं माणिक निघालं. दोन्ही टोकांना निमुळता, पिंपासारखं पोट सुटलेला एक स्फटिक निघाला. आणि सगळ्यात तळाशी, फडक्यात बांधलेला, मुठीएवढा पांढराशुभ्र संगमरवर. त्याच्या मधोमध लालबुंद स्फटिक.

भिंगीचा हात जागच्या जागी थांबला.

त्याला सगळे निखारा म्हणायचे. तिने तो कधी हातात धरला नव्हता, पण घराचा सत्यानाश करणाऱ्या माणसाचा चेहरा जसा पाठ असावा तसा तिला तो पाठ होता. ती शाळेत असताना अण्णांनी संग्राहक मंडळासाठी त्याचं वर्णन लिहिलं होतं: जिथे वाढला तिथेच, आपल्या मूळच्या संगमरवरात असलेला. मग मंडळाच्या सभागृहात, सगळ्यांसमोर, दिवे घालवून निखाऱ्यावर जांभळा दिवा धरला गेला. त्या दिव्याखाली माणिक पेटल्यासारखं लाल दिसतं, तसं ते दिसलं. पण त्याच्या बुडाशी दुधाळ निळसर कडं उजळलं. ते गोंदाचं होतं. एका बाजूला फटही होती. म्हणजे कुठलासा परका स्फटिक आणून या दगडात चिकटवला होता, आणि अण्णा एक तर आंधळे होते नाहीतर विकले गेले होते. दोन्हींपैकी काय, याची कुणी फिकीर केली नाही. त्यानंतर अण्णांनी भिंग हातात धरलं नाही. काही वर्षं मांडीवर हात ठेवून बसून राहिले आणि मग तसेच गेले.

माणकांच्या प्रेमाने नव्हे, त्या दिवसाच्या रागाने भिंगी हे काम शिकली होती. अण्णांना फसवणारा कधी ना कधी आपल्या भिंगाखाली येईल, असा डूख तिने धरला होता.

आता तिने भिंग डोळ्याला लावलं आणि फटीत बघितलं. संगमरवराच्या आतल्या भिंतीवर बारीक आडव्या रेघा उमटलेल्या होत्या. स्फटिक वाढताना त्याच्या अंगावरच्या रेघा भोवतीच्या दगडात उठतात, तशा. तिने स्फटिकाच्या बाजू एकामागून एक पाहिल्या. एका बाजूवर अगदी त्याच रेघा होत्या, त्याच अंतराने. फक्त ती बाजू त्या भिंतीसमोर नव्हती, शेजारच्या भिंतीसमोर होती.

भिंगीने भिंग खाली ठेवलं. स्फटिक परका नव्हता. तो याच दगडात वाढला होता. कुणीतरी तो बाहेर काढून परत बसवला होता.

म्हणजे अण्णांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

२

वरच्या मजल्यावर काका राहायचे, अण्णांचे धाकटे भाऊ. धंद्यात त्यांना 'धाकटे' असंच म्हणत, आता साठी आली तरी. अण्णांची मंडळातली वर्णनकाराची जागा त्यांना मिळाली होती, आणि भिंगीला भिंग धरायला शिकवलं तेही त्यांनीच. जेवायला ते रोज खाली, आईच्या स्वयंपाकघरात यायचे.

दुपारी पानावर बसताना भिंगीने सांगितलं, की वकिलांच्या खोक्यात निखारा निघाला. फटीतल्या रेघांबद्दल ती बोलली नाही. आधी स्वतःची खात्री पटवायची, मग तोंड उघडायचं, हेही काकांनीच शिकवलेलं.

काका घास चावत होते. "कशाला जुनं उकरतेस, भिंगरी?" ते म्हणाले. "ज्याने कुणी तो फिरवून बसवला, तो आता कुठे असेल कुणास ठाऊक. चिकटवलेला आहे म्हणून लिही आणि मोकळी हो."

तिने विचारलं, अण्णांनी पाहिल्यानंतर निखारा कुणाकुणाच्या हातात गेला होता. काकांनी आठवून सांगितलं, की छायाचित्रासाठी फोटोवाल्याकडे गेला होता. तिथून घरी आला, घरून सभागृहात. पण हाताने करायचं काम म्हटलं तर एकाच माणसाला जमेल असं होतं, दगड साफ करणाऱ्या सुईवाल्याला. अण्णांनी त्याचा एक स्फटिक घासून बनवलेला म्हणून परत पाठवला होता, तेव्हापासून तो अण्णांवर दात धरून होता.

काका हात धुऊन वर गेले. आई ताटं उचलत होती.

"तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "पण तो माणूस सापडला तर आधी मला सांग."

३

भिंगीने पत्र्याच्या पेटीत वाळू घेतली, ती हाताला सोसेल इतपत गरम केली आणि निखारा तिच्यात पुरला. घाई करून चालणार नव्हतं. संगमरवर तापला की वेडावाकडा फुगतो आणि माणिक त्याच्याबरोबर फुगत नाही. जास्त तापवलं तर दोघांची जन्माची सोबत तुटते. ती अधूनमधून वाळूत बोट घालून बघत राहिली. शेवटी जुना पिवळा गोंद मऊ पडला, पात्याचं टोक आत शिरलं आणि स्फटिक हलला.

तिने तो अलगद उचलला आणि उलटा केला.

माणकाचा खांब सहा बाजूंचा असतो. नवख्याला वाटतं, कसाही फिरवला तरी सारखाच. पण त्याच्या बुडाच्या सपाट भागावर वाढताना उमटलेले नखाएवढे त्रिकोण असतात, आणि त्रिकोणाला तीनच बाजू. खांब एक बाजू पुढे फिरवला तर बाहेरून काही कळत नाही, पण खालचे त्रिकोण उलटे होतात.

खळग्याच्या तळाशी, संगमरवरात, त्रिकोणांचे ठसे होते. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. स्फटिक तसा धरला की दोन्हींचं जमत होतं, जसं जन्मल्यापासून जमत असणार. त्या ठशांवर काही ठिकाणी पातळ, पाण्यासारख्या पारदर्शक गोंदाचा पापुद्रा राहिला होता. त्यातल्या त्रिकोणांची टोकंही त्याच दिशेला होती. आणि पात्याने निघालेला वरचा जाड, पिवळा गोंद तिने भिंगाखाली धरला, तेव्हा त्यातल्या त्रिकोणांची टोकं बरोब्बर उलटी होती. जांभळ्या दिव्याखाली हा पिवळा गोंद उजळला, पातळ पापुद्रा उजळला नाही.

भिंगी खुर्चीत मागे टेकली.

गोंद दोन होते. एकदा कुणीतरी पातळ गोंदाने स्फटिक होता तसाच, नीट बसवला होता. त्याच अवस्थेत तो राहिला असता, तर फट दिसली नसती आणि दिव्याखाली कडंही उजळलं नसतं. मग कुणीतरी तो पुन्हा काढला, एक बाजू फिरवला, म्हणजे फट पडेल, आणि दिव्याखाली चमकणारा गोंद मुद्दाम भरपूर थापला.

पहिल्या हाताला काहीतरी लपवायचं होतं. दुसऱ्या हाताला ते चारचौघांत दाखवायचं होतं. हे एका माणसाचं काम नव्हतं.

४

फोटोवाल्याचं दुकान आता मुलगा चालवायचा. म्हातारा मागच्या खोलीत जुन्या कॅमेऱ्यांवरची धूळ पुसत बसलेला असे. भिंगीला बघून तो खुलला, तिच्या आईची विचारपूस केली, स्टूल पुढे सरकवलं. निखाऱ्याचं नाव निघाल्याबरोबर मात्र पुसायचं फडकं त्याच्या हातात थांबलं.

तिने आडून आडून सुरुवात केली. पूर्वी छायाचित्रं काढायला कसले दिवे असायचे, असं विचारलं. त्याने कोपऱ्यात पडलेला एक दाखवला, परातीएवढ्या तोंडाचा. आताचे दिवे थंड, यांच्यापुढे मात्र हात धरवत नसे, म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो पुन्हा कॅमेरा पुसायला लागला.

भिंगीने खिशातून पातळ गोंदाचा पापुद्रा काढला आणि कागदावर त्याच्यासमोर ठेवला.

"तुमच्या दिव्याखाली तो सुटला," ती म्हणाली. "तुम्ही तो नीट बसवलात. अगदी त्याच्या जागी. तेवढं मला दगडाने सांगितलं. पुढचं तुम्ही सांगा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. टक्कन आवाज झाला होता, त्याने सांगितलं, आणि स्फटिक मखमलीवर घरंगळला होता. त्याची बोबडी वळली. आपसूक जसा बसला तसा बसवला, वर गोंदाचा थेंब सोडला, आणि अण्णांना सांगू सांगू म्हणता धीर झाला नाही. सभागृहात कडं उजळलं तेव्हा आपल्याच थेंबाने अण्णांचा घात केला असं समजून त्याने आजवर दिवस काढले होते.

ते कडं तुमच्या गोंदाचं नव्हतं, हे भिंगीने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारा सुटला असता, आणि अजून कुणाला सोडायची तिची तयारी नव्हती. तिने फक्त विचारलं, दगड न्यायला कोण आलं होतं.

"घरचंच कुणीतरी आलं असेल," तो डोळे पुसत म्हणाला. "माझं चित्त कुठे होतं ठिकाणावर?"

५

सुईवाल्याच्या कारखान्यात शिरताच नाकात आम्लाचा उग्र दर्प बसला. संगमरवरात अडकलेली माणकं तो मोकळी करायचा. वरवरचा दगड सुईने टोकरायचा आणि उरलेल्यावर आम्लाचा थेंब सोडायचा. आम्ल संगमरवर फसफसवून खाऊन टाकतं, माणकाला शिवतही नाही. माणूस बोलायला तिखट होता आणि त्याची त्याला लाज नव्हती.

अण्णांचा विषय काढताच त्याने सरळ सांगितलं, की त्या दिवशी घरी जाऊन तो पोटभर जेवला होता. अण्णांनी त्याचा स्फटिक चारचौघांत परत केला होता, आणि वर 'कलाकुसर चांगली आहे' असं म्हणाले होते. ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"म्हणजे सूड घ्यायचा होता तुम्हाला," भिंगी म्हणाली.

"होता की. पण आयता मिळाला. तो परका स्फटिक मी बसवलेला नाही, मला कुणी हातात दिला नाही."

भिंगीने ठरवलं की खडा टाकून बघायचा. स्फटिक परका नव्हता, त्याच दगडातला होता, खळग्यात त्याचे ठसे अजून ताजे आहेत, असं तिने सांगितलं. सुईवाल्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो हळूहळू हसायला लागला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता.

"ठसे अजून आहेत?" त्याने विचारलं. "मग मी कसा असेन, पोरी? मला तुझ्या बापाला बुडवायचं असतं, तर मी खळग्यात आम्लाचे दोन थेंब सोडले असते. भिंती धुतल्या गेल्या असत्या. मग तू सात जन्म भिंग लावून बसली असतीस तरी तो स्फटिक त्या दगडातला आहे हे तुला कळलं नसतं. ज्याने हे केलं त्याला स्फटिक कळतो, पण त्याच्याकडे आम्ल नाही."

ती दाराशी पोचली तेव्हा त्याने मागून हाक मारली. आवाज उतरला होता. "म्हणजे तुझा बाप बरोबर होता म्हणायचा?"

भिंगीने मागे न बघता हो म्हटलं.

६

उरले चिटणीस. मंडळाची सभा भरवणं, खुर्च्या मांडणं, पाहुण्यांचे हार-गुच्छ बघणं, यात त्यांचा जन्म गेला होता. भिंगीने निखाऱ्याशेजारी ठेवून त्यांना एक सुटा स्फटिक दाखवला आणि कसा बसेल असं विचारलं. सहा बाजू आहेत, कसाही बसेल, ते म्हणाले. त्रिकोण त्यांना दाखवूनही दिसले नाहीत. फिरवणारा हात यांचा नव्हता.

मग तिने दिव्याचं विचारलं. सभेत जांभळा दिवा कुणी मागवला होता?

चिटणिसांनी कपाळाला आठ्या घातल्या. मागवला असा कुणीच नव्हता. सभेत तो दिवा कधी आणतच नसत, तो वर्णनकाराच्या खोलीतला. त्या दिवशी मात्र ते खुर्च्या मोजायला आले, तेव्हा दिवा टेबलावर तयार होता, वायर भिंतीला लावलेली. वकिलांनी तो बघितला, म्हणाले, आणलाच आहे तर लावून दाखवा.

"मी कशाला विचारू?" चिटणीस म्हणाले. "तुमच्याच घरचा दिवा. मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली. मला वाटलं, अण्णांनीच आणवला."

निळ्या पट्टीचा दिवा आजही भिंगीच्या टेबलावर होता. पण त्या सकाळी अण्णा तिचं बोट धरून तिला शाळेत सोडायला आले होते. रिकाम्या हातांनी. फाटकाशी म्हणाले होते, मी इथूनच सभेला जातो, सामान धाकटा आणील.

सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरता भिंगीचे पाय थांबले. बाजूने माणसं जात होती, कुणीतरी धक्का देऊन पुढे गेलं, तिला कळलं नाही. एक वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजत होतं. सगळी सभा म्हणाली होती, परका स्फटिक. वकील मरेपर्यंत तेच म्हणत होते. फोटोवाला गोंदाचं म्हणाला, सुईवाला आजही परका म्हणाला. तो त्याच दगडातला आहे आणि कुणीतरी फिरवून बसवलाय, हे तिला फटीतल्या रेघा भिंगाखाली बघून कळलं होतं, आणि तेव्हा त्या रेघांबद्दल ती कुणापाशीही बोलली नव्हती.

तरीही त्याच दुपारी, पानावर बसून, एक माणूस ते घास चावता चावता बोलून गेला होता.

ती घरी गेली. आई खिडकीशी धान्य निवडत होती. कबूल केल्याप्रमाणे भिंगीने आधी तिला सांगितलं. आईचे हात जराही थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं त्याला गरम वाढत आले मी."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगीने काकांना खोलीत बोलावलं. टेबलावर निखाऱ्याचा संगमरवर, बाजूला सुटा स्फटिक, पलीकडे निळ्या पट्टीचा दिवा.

"काका, हा बसवून दाखवा."

काकांनी स्फटिक उचलला. कित्येक वर्षांची सवय हाताला. त्यांनी तो आधी उलटा केला, त्रिकोणांची टोकं बघितली, मनगट किंचित वळवलं आणि सोडला. स्फटिक गपकन खळग्यात बसला. फट राहिली नाही.

"बरोबर कसा बसतो ते तुम्हाला ठाऊक आहे," भिंगी म्हणाली. "म्हणून चूक कसा बसवायचा तेही ठाऊक होतं."

तिने एकेक सांगितलं. दोन गोंद, दोन दिशांचे त्रिकोण, न धुतलेल्या भिंती, दिवा, आणि त्यांचं स्वतःचं वाक्य. तिचा आवाज एकदाही चढला नाही. काका सावकाश खाली बसले आणि सांगायला लागले.

फोटोवाल्याकडून दगड आणला त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं की स्फटिक सुटून बसवलेला आहे. हातातच हलला. अण्णांना सांगायला ते उठलेही होते. पण त्याच आठवड्यात अण्णांनी मंडळासमोर त्यांचं एक वर्णन वाचून दाखवलं होतं, आणि हसून म्हणाले होते, धाकट्याचं भिंग अजून कच्चं आहे.

"सगळे हसले," काका म्हणाले. "मला वाटलं, यांनाही एकदा कळू दे कसं वाटतं ते. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगणार होतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अण्णांच्या जागी बसवलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंगीला वाटत होतं की या क्षणी आपल्याला रडू येईल. आलं नाही. या माणसाने तिला चष्मा घेऊन दिला होता, ती तापली की रात्र रात्र उशाशी बसला होता. ते सगळं तिला आठवलं, आणि राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

तिने कोरा कागद पुढे सरकवला.

"निखाऱ्याचं वर्णन मी लिहिणार नाही. तुम्ही लिहायचं आणि सभेत तुम्हीच वाचायचं. मी वाचलं तर लोक म्हणतील पुतणी काकांवर उठली, हिस्सेदारीचं काहीतरी असेल. तुम्ही वाचलंत तर कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

काकांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद तिच्याकडे दिला. तिने वाचला आणि परत केला.

"'स्फटिक फिरवला गेला' असं नको. दगड आपण होऊन फिरत नाही. कर्ता लिहा."

त्यांनी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

"'चुकून' खोडा," भिंगी म्हणाली.

८

सभा नेहमीसारखीच भरली. टेबलावर बनातीचं हिरवं कापड, त्याच्यावर ओळीने नमुने, मागे खुर्च्या. निखारा मांडलेला बघून कुजबुज सुरू झाली. वकिलांची सून पहिल्या रांगेत होती. सुईवाला दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. मंडळाच्या सभेला तो कित्येक वर्षांनी आला होता.

चिटणिसांनी धाकट्यांचं नाव घेतलं. काका उठले. कागद हातात होता, पण पहिल्या ओळी त्यांना बघाव्या लागल्या नाहीत. नैसर्गिक माणिक, सहा बाजूंचा बुटका खांब. रंग गडद लाल, कडेला किंचित जांभळट. एका कोपऱ्याला जुना टवका, बाकी बाजू शाबूत. पांढऱ्या दाणेदार संगमरवरात, जिथे वाढला तिथलाच. इथपर्यंत त्यांचा आवाज सरावाचा होता. 'तिथलाच' म्हटल्यावर खुर्च्या करकरल्या. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, चिकटवलेला आहे तो.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"छायाचित्र घेताना दिव्याच्या उष्णतेने स्फटिक सुटला आणि नीट बसवला गेला," त्यांनी वाचलं. "त्यानंतर मी तो काढला, एक बाजू फिरवला आणि दिव्याखाली दिसेल असा गोंद लावून मुद्दाम चुकीचा बसवला. सभेत दिवा मी आणून ठेवला. या नमुन्याचं पहिलं वर्णन पूर्णपणे बरोबर होतं. ते माझ्या थोरल्या भावाने लिहिलं होतं."

मग फोटोवाला म्हातारा मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. सुटला तो माझ्या हातून आणि मी बोललो नाही, एवढं सांगून बसला. दाराजवळ सुईवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

चिटणिसांना काय करावं सुचेना. झालं ते फार वाईट झालं, ते म्हणाले, पण घरातलीच गोष्ट आहे, दोघंही मंडळाला तितकेच जवळचे, आणि एक माणूस तर आता नाही. भिंगीताईंनी मोठ्या मनाने दोन शब्द बोलावेत.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काकाही बघत होते. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मागणंच होतं. लहानपणी तिने चूक केली की ती त्यांच्याकडे तसं बघायची आणि ते मान डोलवायचे. एक शब्द पुरला असता.

"पुढचा नमुना घ्या," भिंगी म्हणाली.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आई ओट्यापाशी उभी होती. तिने मागे न वळता विचारलं, "बसून वाचलं, की उभं राहून?"

"उभं राहून."

"मध्ये कुणी तोडलं?"

"एकदा. पण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं."

आईने मान हलवली. "ह्यांना दोन वाक्यंही पुरी करू दिली नव्हती त्या दिवशी," ती म्हणाली आणि दोन पानं घेतली. "वकिलांनी हातातला कागद ओढून घेतला होता."

दोघी जेवायला बसल्या. भिंगीला भूक लागली होती, चांगलीच, आणि त्याचं तिला नवल वाटलं. पहिला घास तोंडात गेला न गेला तोच जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. ओळखीची पावलं वर चढता चढता त्यांच्या मजल्यावर आली, रोजच्या सवयीने दाराशी वळली आणि थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं.

भिंगीने आईकडे बघितलं. आई पानात बघत होती.

"कडी घाल," ती म्हणाली. दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात.

भिंगी उठली आणि तिने कडी घातली. ती परत येऊन बसली, तिचं जेवण झालं, आईचं झालं, ताटं धुऊन झाली, तरी पावलं वर गेल्याचा आवाज आला नव्हता.